सख्याची कसोटी : एका विद्यार्थिनीच्या चिंतनास प्रस्तावना

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या मनात प्रेमाचा विचार येतो, ही गोष्ट आपल्या समाजाला ठाऊक नाही असे नाही. परंतु तो विचार तिने स्वतःच्या बुद्धीने तपासावा, त्याची संगती लावावी आणि जो निष्कर्ष हाती येईल तो स्वतःच्या अक्षरांत लिहून वडीलधाऱ्यांसमोर ठेवावा, ही कल्पना मात्र अद्यापही आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मुलीच्या प्रेमासंबंधी बोलण्याचा अधिकार आपण आईबापांना दिला, भावकीला दिला, कवींना आणि चित्रपटकारांना तर मुक्तहस्ताने दिला. ज्या व्यक्तीचे आयुष्य त्या प्रेमाने घडायचे किंवा मोडायचे असते, तिची साक्ष तेवढी कुणी नोंदवून घेतली नाही. प्रस्तुत पुस्तक ही तशी एक साक्ष आहे. देगलूर येथे पदवीच्या शेवटच्या वर्गात शिकणाऱ्या आणि मुलींच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रेम, मैत्रिणींचा सहवास आणि आपल्या आयुष्याची मूल्ये या तीन विषयांवर वेळोवेळी लिहिलेली टिपणे यात एकत्र केली आहेत. आपल्या नावाबरोबर खोलीतील इतर मुलींचीही ओळख उघड होईल आणि त्यांची संमती गृहीत धरण्याचा आपल्याला हक्क नाही, या विचाराने तिने पुस्तकावर नाव घातलेले नाही. आणि मैत्रीचे जे दायित्व ती पुढील पानांत सांगते ते तिने मुखपृष्ठापासूनच पाळले आहे, असे मी समजते.

पुस्तकाचे सूत्र आरंभीच सांगितलेले बरे. प्रेमाची पारख मुलीला प्रेमात पडल्यावर येत नाही. ती त्याआधी, बरोबरीच्या मुलींच्या सहवासात, नकळत तयार होते. जिथे कुणी कुणाची मालकीण नाही, कुणी कुणाच्या उपकाराखाली नाही आणि तरीही एकीच्या दुखण्याने दुसरीची झोप उडते, अशा नात्याची चव जिने एकदा घेतली, ती पुढे हुकमतीलाच प्रेम म्हणून स्वीकारणार नाही; आणि जिला ती चव कधी मिळालीच नाही, तिला प्रेम व ताबा यांतील अंतर कळायला पुष्कळदा अर्धे आयुष्य खर्ची पडते. या दृष्टीने पाहिले म्हणजे मुलींचे वसतिगृह हे मुलींना केवळ सुखरूप ठेवण्याचे ठिकाण राहत नाही, तर मूल्यशिक्षणाचे एक स्वतंत्र विद्यालय ठरते.

हे विचार देगलूरमध्ये लिहिले जावेत याला विशेष अर्थ आहे. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील हा तालुका तेलंगण आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या हद्दींना भिडलेला आहे. लेंडी नदीच्या काठच्या या गावात मराठी बोलता बोलता तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू कानांवर पडत राहते, आणि आठवड्याच्या बाजारात एकाच दुकानापुढे तीन भाषांत घासाघीस चालते. तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरांचे शिल्पवैभव आहे; गुंडा महाराज आणि त्यांच्या परंपरेतील धुंडा महाराज देगलूरकर यांच्यामुळे या गावाचे नाव वारकरी संप्रदायात पंढरपूरपर्यंत आदराने घेतले जाते. म्हणजे संस्कृतीचा वारसा कमी नव्हता. कमी होती ती शिक्षणाची सोय. निजामाच्या हैदराबाद संस्थानात दरबाराची आणि दप्तराची भाषा उर्दू होती, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि मराठी घरातील मुलाला जिथे उच्च शिक्षणासाठी भाषा व गाव दोन्ही सोडावे लागत, तिथे मुलीचा विचार कोण करणार? १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पुढे देगलूरच्या मोंढ्यातील अडत व्यापाऱ्यांच्या शिक्षणसंस्थेने खुद्द देगलुरात महाविद्यालय उभे केले, आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ आले. धान्याची आवकजावक मोजणाऱ्या व्यापाऱ्यांना आपल्या गावच्या मुलांसाठी महाविद्यालय असावे असे वाटले, ही घटना या भागाच्या सामाजिक इतिहासात मोठ्या मानाने नोंदवली पाहिजे. लेखिकेच्या आजीच्या वयाच्या बायांपैकी बहुतेकींना अंगठ्याशिवाय दुसरी सही ठाऊक नव्हती; नातीने पुस्तक लिहिले. मधले अंतर दोन पिढ्यांचे आहे, आणि ते ओलांडण्यासाठी लागलेल्या पुलांपैकी एक महत्त्वाचा पूल म्हणजे वसतिगृह.

महाविद्यालय तालुक्याच्या गावी आले तरी वाडीतली, तांड्यावरची मुलगी तिथवर रोज पोचेलच असे नाही. एस. टी. च्या वेळा वर्गांच्या वेळांशी जुळत नाहीत, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की रस्ता बंद होतो, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर त्या एका रात्रीचा जाब मुलीला वर्षभर द्यावा लागतो. म्हणून ती वसतिगृहात येते. लोखंडी पेटी, अंथरूण आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी घेऊन येते. खोलीत मुखेडकडची असते, बिलोलीकडची असते, उदगीरच्या बाजूची असते. वेळ अमावस्येनंतर उदगीरकडची मुलगी गावाहून आंबील आणि भज्जी आणते. तेलंगणच्या हद्दीवरची बतुकम्माच्या दिवसांत फुलांची उतरंड रचून दाखवते. ईदेनंतर डबाभर शीरखुर्मा येतो आणि तो वाटताना आपापला वाटा मोजून घेण्यावरून भांडणही होते. मोठ्या मुलीला कुणी ताई म्हणते, कुणी अक्का म्हणते, कुणी आपा म्हणते, आणि ती तिन्ही हाकांना सारखीच ओ देते. सायंकाळी हजेरी होते, फाटक बंद होते, नोंदवहीत पालकांनी मंजूर केलेल्या नातलगांखेरीज इतर कुणाचे नाव चढत नाही. परंतु या बंदोबस्ताच्या आत, दिवे मालवल्यानंतरच्या कुजबुजीत, असे एक मोकळे जग उभे राहते की ज्याची मंजुरी कुणी दिली नाही आणि जे कुणाला रद्दही करता येत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींचे असे भगिनीसंघ दीड शतकाहून अधिक काळ औपचारिकपणे चालत आले आहेत. जॉर्जिया राज्यातील मेकन येथील मुलींच्या महाविद्यालयात १८५१ साली अशी पहिली संस्था निघाली. पुढे ग्रीक अक्षरांची नावे, शपथविधी, एकत्र निवासाची घरे आणि आयुष्यभराचे सदस्यत्व अशी त्यांची रीत ठरत गेली. तिथे प्रवेश निवडीने मिळतो, आणि निवड आली की वगळणेही आले. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णी विद्यार्थिनींनी आपला पहिला स्वतंत्र संघ स्थापन केला तो अशा काळात, की जेव्हा गोऱ्या मुलींच्या संघांची दारे त्यांना बंद होती. आणि त्या संघाने पुढे समाजसेवेचे मोठे कार्य केले. आपल्या वसतिगृहात कुणी कुणाला निवडत नाही. रेक्टर यादी लावतात आणि त्या यादीप्रमाणे चार अनोळखी मुली एका खोलीत येतात. जात, भाषा, ऐपत आणि गाव यांपैकी काहीही त्यांना जुळवून दिलेले नसते. म्हणून इथले सख्य शपथेने सुरू होत नाही, ते कमवावे लागते. आणि माझ्या मते तेच त्याचे सामर्थ्य आहे, कारण जे निवडून मिळते त्यात आपल्यासारख्यांवर प्रेम करण्याचा अभ्यास होतो आणि जे वाट्याला येते त्यात आपल्याहून निराळ्यांवर.

महाराष्ट्रात या सख्याला थोर इतिहास आहे, आणि लेखिकेने जे अनुभवाने ओळखले त्याला त्या इतिहासाची साक्ष जोडून देणे हे प्रस्तावनेचे काम आहे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांबरोबर मुलींची शाळा सुरू केली त्या काळच्या कार्यात फातिमा शेख त्यांच्या सहकारी होत्या. १८५६ साली आजारपणामुळे नायगावी माहेरी राहिलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात पतीविषयीच्या निष्ठेबरोबरच, आपल्या गैरहजेरीत फातिमेला किती त्रास पडत असेल आणि ती कशी कुरकुर न करता सोशीत असेल, ही काळजी आहे. पतीला लिहिलेल्या पत्रात मैत्रिणीच्या कष्टांची आठवण यावी आणि दोन्ही नाती एकाच कार्यात गुंफलेली असावीत, याहून निरोगी दांपत्यप्रेमाची कल्पना मला करता येत नाही. पुढे १८६८ साली त्याच गावाहून लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एक विलक्षण प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील सारजा यांचे प्रेम जमले, सारजा गरोदर राहिली, आणि गावकरी दोघांना वाजतगाजत फिरवून ठार मारण्यास निघाले. तेव्हा सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्यान्वये होणाऱ्या शिक्षेचा धाक घालून त्यांनी दोघांचा जीव वाचवला आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवले. प्रेमाचा कैवार घेणे म्हणजे काव्य करणे नव्हे, वेळ आली तर जमावासमोर उभे राहणे, हा धडा त्या पत्रात आहे. आणि जातीबाहेरच्या प्रेमाला मृत्यूची शिक्षा देणारी वृत्ती आपल्या समाजातून आजही निपटून गेलेली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे ते धावत जाणे किती मोठे होते ते उमगते.

दुसरा दाखला वसतिगृहाचाच आहे. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. सदन पुढे पुण्यास हलले, आणि १८९३ साली या गोदूबाईंचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला; मुरूडच्या मंडळींनी त्या दांपत्यावर बहिष्कार घातला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास गेला, आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत आयुष्य वेचले, आणि १९१६ साली त्याच प्रयत्नांतून महिला विद्यापीठ उभे राहिले. ज्या मुलींना समाजाने घरातच बंद केले होते, त्या एका छपराखाली एकत्र राहून स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि आशा वाटून घेऊ लागल्या, यातूनच महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा पाया घातला गेला.

तिसरा दाखला अधिक कोवळा आहे. पुण्यास १८८४ साली स्थापन झालेल्या हुजूरपागेच्या शाळेत, ब्रह्मदेशात जन्मलेली सात वर्षांची एक मुलगी निवासी विद्यार्थिनी म्हणून आली. तिथे शकुंतला परांजपे ही तिची मैत्रीण झाली आणि त्या मैत्रीच्या द्वारे रँग्लर परांजप्यांचे घर, त्यातील ग्रंथ, वादविवाद आणि स्वतंत्र विचारांची हवा तिला लाभली. ती मुलगी म्हणजे इरावती कर्वे. पुढे आनंदीबाईंचे पुत्र दिनकर धोंडो यांच्याशी विवाह होऊन त्याच घराण्यात आलेल्या. शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीची सून हुजूरपागेच्या वसतिगृहातून यावी, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. 'युगान्त' लिहिणाऱ्या बुद्धीची जडणघडण ज्या अनेक गोष्टींनी झाली त्यांत शाळकरी वयातील एका मैत्रीचा वाटा आहे, हे आपण मुलींच्या मैत्रीला पोरखेळ म्हणून बाजूला सारताना विसरतो.

या पूर्वपीठिकेवर लेखिकेचे प्रेमविषयक चिंतन वाचले पाहिजे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातील कोंडमारा प्रथमच इतक्या स्पष्टपणे मराठीत आला, आणि त्यावर एवढे वादळ उठले की लेखिका कोण याचाच शोध पुष्कळ दिवस चालला होता. त्या मालतीबाई बेडेकर. पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, हिंगण्याच्या विद्यार्थिनी. त्यांच्या कथांतील मुलींना शिक्षण मिळाले होते, पण त्या शिक्षणाने जागी केलेल्या मनाचे काय करायचे हे सांगणारे कुणी नव्हते. देगलूरच्या या लेखिकेपुढे निराळी अडचण आहे. तिच्याभोवती प्रेमाविषयी बोलणारे चित्रपट आहेत, गाणी आहेत, हातातील मोबाईलवर रात्रंदिवस येणारे संदेश आहेत. बोलण्याचा तुटवडा नाही, खरेखोटे पाखडून घेण्याचे साधन हवे आहे. ते साधन तिला खोलीत सापडले.

या भागातील सर्वांत मोलाचे टिपण एका मैत्रिणीविषयी आहे. तिच्यावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्या मुलाने प्रथम तिचे कपडे ठरवले, मग फोन कुणाकुणाचे येतात ते तपासले, आणि शेवटी खोलीतील मुलींशी बोलणे सोड, त्या तुला बिघडवतात, असे बजावले. मुलगी गोंधळली, इतकी काळजी घेणारा माणूस प्रेमच करीत असला पाहिजे, असे तिला वाटले. त्यावर लेखिकेने केलेली मीमांसा अशी, की ज्याला तुझ्या मैत्रिणी नकोत त्याला तूही पुरती नको आहेस. तुझ्यातला जो भाग त्याच्या ताब्यात येण्यासारखा आहे तेवढाच त्याला हवा आहे. या एका वाक्यासाठी हे पुस्तक प्रत्येक महाविद्यालयीन मुलीच्या हाती जावे असे मला वाटते. काळजी आणि पाळत यांची बाह्य लक्षणे सारखी असतात. दोन्हींत विचारपूस असते, दोन्हींत वाट पाहणे असते. परंतु काळजीने मुलीचे जग रुंदावते आणि पाळतीने ते अरुंद होते. आपले जग अरुंद होत आहे हे तिला कळायचे तर ते मुळात रुंद असावे लागते, आणि विसाव्या वर्षी ते रुंद करण्याचे काम मैत्रिणीच करतात.

आपल्या मातीला ही कल्पना परकी नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव मराठवाड्यातच आहे, आणि जनाबाईंबरोबर दळण्याला बसणारा विठ्ठल ही आपल्या लोकमनाने जपलेली प्रेमाची प्रतिमा आहे. देवाने तिला दळणातून सोडवून राणी केले, अशी कथा आपल्या लोकांनी रचली नाही. तो तिच्या कष्टात वाटेकरी झाला, अशी रचली. लेखिका जेव्हा लिहिते की मला माझे ओझे उचलून नेणारा जोडीदार नको, ते निम्मे धरणारा हवा, तेव्हा ती नवे काही मागत नाही. सातशे वर्षांपूर्वी या प्रदेशातील एका दासीने आपल्या देवापासून जे मिळवले, तेच ती माणसापासून मागते.

सख्याचे वर्णन करताना लेखिकेने त्याचे दोष झाकले नाहीत, याबद्दल तिचे विशेष अभिनंदन केले पाहिजे. पहिल्या महिन्यात खोलीतील एक मुलगी दुसरीच्या डब्यातील भाजी घेत नसे. कारण कुणी उच्चारले नाही, पण ते चौघींनाही ठाऊक होते. पुढे दिवाळीच्या सुटीत मेस बंद असताना परीक्षेसाठी मागे राहिलेल्या मुलींनी एकाच शेगडीवर पिठले केले, पीठ एकीचे, कांदे दुसरीचे, तेल तिसरीचे, आणि त्या जेवणात पूर्वीचा शिरस्ता मोडला. लेखिका यावर टाळ्या वाजवून थांबत नाही. एका पंक्तीने जात जात नाही, सुटीनंतर गावी गेल्यावर तीच मुलगी ती हकीकत आईला सांगू शकली नाही, हेही ती नोंदवते. राज्यघटनेच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता आहे, आणि बंधुतेवाचून उरलेली मूल्ये टिकत नाहीत असे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत बजावले होते. कायद्याने समता देता येते; बंधुभाव मात्र एकत्र जेवण्याराहण्याने रुजतो, आणि तो एकाच ताटात पुरता रुजत नाही. मुली जिथे चार भिंतींच्या आत ते अवघड काम रोज थोडे थोडे करतात, त्या जागेला घटनेचे प्रात्यक्षिक म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मूल्यांविषयीचा तिसरा भाग आकाराने लहान आणि निर्धाराने मोठा आहे. पदवी पुरी केल्याशिवाय लग्नाला उभे राहणार नाही; लग्नात हुंडा दिला जाणार असेल तर ते लग्न करणार नाही; जोडीदाराची निवड स्वतः करीन किंवा आईबापांनी सुचवलेल्याला निदान समजून घेतल्याशिवाय होकार देणार नाही; आणि मिळवते झाल्यावर पगारातून धाकट्या बहिणीचे शिक्षण करीन, असे चार निश्चय तिने लिहिले आहेत. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. जातधर्माची अट न ठेवता नोंदणीने विवाह करण्याची मुभा देणारा विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ साली अठरा झाले. म्हणजे मुलीने जे मागितले ते सरकारने पूर्वीच दप्तरात लिहून ठेवले आहे. समाजाने मात्र अद्याप त्यावर सही केलेली नाही. आजही आपल्या भागात बोलणी होताना मुलाच्या नोकरीप्रमाणे आकडा ठरतो, त्यासाठी शेत गहाण पडते, आणि धाकटीचे शिक्षण थोरलीच्या हुंड्यापायी थांबते. अशा वेळी एका मुलीचा निश्चय एकटा टिकत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीची सोयरीक ठरली, तेव्हा तिघी जणी एस. टी. ने तिच्या गावी गेल्या आणि तिच्या वडिलांसमोर हात जोडून बसल्या. काका, परीक्षा होऊ द्या, एवढेच त्यांनी मागितले, आणि त्या भल्या गृहस्थाने ते मान्य केले. हे टिपण वाचताना मूल्य ही एकट्याने बाळगण्याची वस्तू नाही, तिला जामीन लागतात, ही गोष्ट मला नव्याने पटली.

एका मुद्द्यावर माझे लेखिकेशी जुळत नाही. आपल्या आईच्या पिढीला मैत्री ठाऊकच नव्हती, त्या बाया नवऱ्याच्या नावाखाली एकेकट्या जगल्या, असे तिने एके ठिकाणी लिहिले आहे. हे विधान मायलेकींमधील दुराव्यातून आले असावे. ज्या बायांना शाळा मिळाली नाही त्यांनी पहाटेच्या जात्यावर, पंचमीच्या झोक्यापाशी, नदीवरच्या धुण्याला आपले सख्य उभे केले होते. सासरच्या जाचाची तक्रार करायला त्यांना कचेरी नव्हती, तेव्हा ती त्यांनी ओवीत घातली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून अशा ओव्या जमवल्या त्यांची संख्या एक लाखावर गेली, आणि त्यांत मैत्रिणीला, शेजारणीला, भावाबहिणीला उद्देशून सांगितलेले सुखदुःख अपार आहे. लेखिकेच्या आईलाही एखादी अशी सखी असेल, आणि तिचे नाव लेकीने कधी विचारले नसेल. दोन पिढ्यांचे सख्य एकमेकांना ओळखू लागले तर मुलीच्या निश्चयाला घरातच पहिला जामीन मिळेल, असे मला वाटते. म्हणून पुढील लेखन तिने आईजवळ बसून करावे, ही माझी तिला सूचना आहे.

भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. लेखिकेची भाषा देगलूरची आहे. तिच्यात पुस्तकी मराठीच्या बरोबरीने घरची बोली येते, संताप आला की दखनीतला एखादा शब्द येतो, आणि माया दाटून आली की ती 'माय' म्हणते. संपादन करणाऱ्यांनी ते शब्द बदलले नाहीत, हे उत्तम केले. प्रेमासारख्या विषयावर लिहिताना नवशिका लेखक उसन्या अलंकारांच्या आश्रयाला जातो. या मुलीने तसे केलेले नाही. जिथे तिला उत्तर सापडले नाही तिथे तिने प्रश्न तसाच ठेवला आहे, आणि तरुण वयात हे धैर्य दुर्मीळ असते.

हे पुस्तक मुली वाचतील याबद्दल मला शंका नाही. ते आईबापांनीही वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलगी वसतिगृहात गेली की बिघडेल, ही धास्ती पुष्कळ घरांत असते, आणि त्या धास्तीपायी बारावीनंतर अनेकींची शाळा सुटते. त्या पालकांना मी या पुस्तकाच्या आधाराने सांगू इच्छिते, की जिच्याजवळ चार खऱ्या मैत्रिणी आहेत ती मुलगी फसवली जाण्याचा संभव कमी, कारण तिच्या बाजूने विचार करणारी आणखी चार डोकी जागी असतात. मुलीला एकटी पाडण्याने ती सुरक्षित होत नाही. वसतिगृहे चालवणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. कुलूप, हजेरी आणि नोंदवही यांची गरज मी नाकारीत नाही. परंतु ज्या संस्थेत मुलींना बसून बोलायला एक मोठी खोली नाही, वाचायला एक कपाट नाही, आणि आपली अडचण निर्भयपणे जिला सांगता येईल अशी एक समंजस बाई नाही, तिने आपल्या कर्तव्याचा निम्मा भाग केला, असेच म्हणावे लागेल. खोल्यांची वाटणी करताना एकाच गावच्या, एकाच जातीच्या मुली एकत्र घालण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळावा. सोय थोडी कमी होईल, कुरबुरी थोड्या वाढतील, पण घटनेने सांगितलेली बंधुता शिकण्याची संधी पुढच्या मुलींना मिळेल.

या विद्यार्थिनीने आपल्यापुढे ठेवलेली मागणी सरळ आहे: प्रेम करण्याआधी प्रेम ओळखायला शिकण्याची मुभा, आणि ते शिकवणाऱ्या सख्यांसाठी जागा. मराठवाड्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी मुलींचे चांगले वसतिगृह असावे, आणि त्यात राहिलेल्या मुलींनी आपले अनुभव असेच लिहीत जावेत. या लेखिकेने आरंभ करून दिला आहे. तिच्या लेखणीला दीर्घायुष्य चिंतून आणि तिने केलेले चारही निश्चय सिद्धीस जावोत अशी शुभेच्छा देऊन हे पुस्तक मी वाचकांच्या स्वाधीन करते.